जुनी गाडी, नवं इंजिन आणि घरची वही

मैत्रिणींनो, या सदरात आजवर आपण वर्षाच्या धान्याचा हिशेब केला, फराळाचा केला, घर रंगवायचाही केला. या खेपेला सातारच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि विषय असा आहे की, वाचून पुष्कळजणी म्हणतील, हा आपला प्रांत नव्हे. पण पैसे घरातून जाणार असतील तर तो आपलाच प्रांत, बरं का!

पत्र थोडक्यात असं. यजमानांच्या काकांची १९५८ सालची एम.जी.ए. ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काकांच्या पश्चात यांच्या घरी आली. गेली बारा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम. आता यजमानांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितलंय की, अँबॅसॅडरचं जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय, ते बसवून टाकू. त्यासाठी मुलीच्या नावाने साठवलेली रिकरिंगची रक्कम काढायची असा यजमानांचा विचार आहे. मुलगी यंदा बारावीला. "मी नाही म्हटलं तर घरात अबोला, हो म्हटलं तर माझ्या जिवाला घोर. काय करू?" असं ताई विचारतात.

ताई, हो की नाही हे मी कोण सांगणार? पण 'इंजिन केवढ्याला मिळतंय' हा प्रश्न तुम्ही सोडून द्या. गाडी कागदपत्रांसह रस्त्यावर यायला एकूण किती लागतील, हे विचारा. या दोन आकड्यांतलं अंतर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. माझ्या दिरांचं कोल्हापुरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. दिवाळीच्या आधी त्यांच्या चोपड्या मी लिहून देते, त्यामुळे 'एवढ्यात होईल' म्हणून सुरू झालेली कामं कुठे जाऊन थांबतात हे मला कागदावर दिसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तेच.

आधी मिस्त्रींच्या सुचवण्यात तथ्य किती ते पाहू, कारण तथ्य आहे. एम.जी.ए. ही गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. सुरुवातीच्या मॉडेलला १४८९ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरला जे १४८९ सीसीचं इंजिन असे, ते याच घराण्यातलं. दोन्हींचा बोअर ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. म्हणजे चुलत भावंडंच म्हणा. पण भावंडं असली तरी एकाचा सदरा दुसऱ्याला जसाच्या तसा होत नाही. एम.जी.ए.ला दोन कार्ब्युरेटर, अँबॅसॅडरला एक. एम.जी.ए.चा गिअर खाली जमिनीवर, जुन्या अँबॅसॅडरचा स्टिअरिंगपाशी. तेव्हा गिअरबॉक्स गाडीचाच ठेवावा लागणार, आणि इंजिनच्या मागची प्लेट, फ्लायव्हील, क्लच, मॅनिफोल्ड हे जुन्या इंजिनवरून काढून नव्यावर चढवावं लागण्याचा संभव फार. म्हणून पहिली सूचना अशी की, जुन्या इंजिनचा एक नटसुद्धा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. "ते काय करायचंय आता" असं कुणी म्हणालं तरी हलू देऊ नका.

आणि ते इंजिन खरंच मेलंय का? बारा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन जाम होणं आणि निकामी होणं यांत फरक आहे. पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात, एवढंच. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल घालायचं, चार-आठ दिवस तसंच ठेवायचं, मग पान्याने हलकेच, हाताने फिरवून पाहायचं. स्टार्टर मारायचा नाही, धक्का तर मुळीच नाही. फिरलं नाही तर हेड उघडायचं, बोअर आणि क्रँक मापून घ्यायचे. या तपासणीला जो खर्च येतो तो सगळ्या बजेटमधला सर्वांत लहान, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बोअर झिजला असेल तर रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसतात. फारच झिजला असेल तर लायनर ठोकता येतं. क्रँक घासून त्याला जाड बेअरिंग बसतात. ब्लॉकलाच तडा गेलेला असेल तर मात्र दुसऱ्या इंजिनचा विचार करायचा. तोवर "इंजिन बदलू" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये!

दुसरं एक लक्षात घ्या. जुन्या बाजारातून आणलेलं अँबॅसॅडरचं इंजिनही काही नवं नसतं. या गाडीचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं, आणि हे पेट्रोल इंजिन तर त्याच्याही पुष्कळ आधीचं. तेही उघडावं लागणार, त्याचाही बोअर मापावा लागणार. म्हणजे स्वस्तातलं इंजिन घ्या, वर त्याला रिबोअर करा, पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, गॅस्केटचा पूर्ण सेट घाला. मग मूळ इंजिनवरच हा खर्च का करू नये? दोन्हींचे अंदाज शेजारी-शेजारी मांडून पाहा, पुष्कळदा अंतर वाटतं त्याहून कमी निघतं.

आता मसाल्याकडे येऊ. इंजिन बाहेर काढलं की क्लच प्लेट नवी घालावीशी वाटते, आणि ती घालावीच, कारण तेवढ्यासाठी पुन्हा इंजिन उतरवायची मजुरी द्यायची नाही. रेडिएटर साफ करून झाळायचा. पाण्याचे रबरी पाइप, पेट्रोलची टाकी आतून गंजलेली, पेट्रोलचा पंप, सायलेन्सर, इंजिनच्या रबरी माउंटिंग. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे असत आणि अर्थिंग पॉझिटिव्हला असे, आपल्या आजच्या गाड्यांच्या उलट. नव्या पद्धतीचं काही जोडायचं म्हणजे इलेक्ट्रिशियनने आधी तेही बदलायला हवं. शिवाय टायर. बारा वर्षं एका जागी उभे असलेले टायर दिसायला कितीही बरे दिसोत, ते टाकाऊच. माझ्या दिरांचा ठोकताळा असा की, बसवण्याजोगं इंजिन शंभर रुपयांचं असेल तर त्याच्या भोवतीचे आणखी दोनशे धरायचे आणि वर पाव भाग अडीअडचणीला बाजूला ठेवायचा. म्हणजे शंभराचे पावणेचारशे. ताई, तुमच्या मिस्त्रींनी सांगितलेल्या आकड्याला पावणेचारने गुणून बघा आणि तो आकडा यजमानांपुढे शांतपणे ठेवा. भांडायची गरजही पडणार नाही.

ब्रेकबद्दल मुद्दाम वेगळं लिहिते, कारण इथे पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. काही मंडळींना हौस असते की, घालायचंच आहे तर एखादं मोठं, आजच्या गाडीतलं जोरदार इंजिन घालू. तुमच्या सालच्या एम.जी.ए.ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९५९च्या १६०० मॉडेलपासून आले. जोर वाढवायचा तर आधी ब्रेक वाढवायला हवेत, मग सस्पेन्शन, मग आणखी काही. खर्चाला शेवट नाही आणि गाडीही धड जुनी राहत नाही. हा मार्ग माझ्यापुरता मी खोडूनच टाकते. इंजिन कुठलंही असो, ब्रेकचे सिलिंडर, पाइप आणि लायनर नवे झाल्याशिवाय यजमानांना चावी लावू देऊ नका.

मग कागद. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहिलंय की, आरसी बुक अजून काकांच्याच नावावर आहे. ही ओळ माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली मोठी. जी गाडी कागदोपत्री आपली नाही, तिच्यावर रुपया खर्च करायचा नाही. काकांच्या वारसांची, म्हणजे तुमच्या चुलत दीर-नणंदांची लेखी संमती घ्या, मृत्यूचा दाखला जोडा आणि नाव बदलून घ्या. आज जी गाडी कुणाला नको आहे, ती चकचकीत होऊन अंगणात उभी राहिली की सगळ्यांना काकांची आठवण येते. माणसं वाईट नसतात, पण असं होतं खरं.

इंजिन बदलायचं ठरलंच, तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी. इंजिन बदललं की आरसी बुकात इंजिन नंबरची नोंद बदलावी लागते, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमात ते आहे. विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो. जुनं इंजिन घेताना विक्रीची पावती आणि ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसी बुकाची प्रत मागा. जो विक्रेता "कागद कशाला, वहिनी" म्हणेल त्याच्याकडून घ्यायचं नाही. चोरीच्या गाडीचा नंबर आपल्या अंगणात नको.

आणखी एक बाजू आहे, ती मिस्त्री सहसा सांगत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, वारसा ठरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळे नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नियम झाले तेव्हा नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीची ५,००० रुपये ठरली. अशी गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती ती रस्त्यावर येते. तुमच्या यजमानांना तरी ती रोज भाजीला न्यायची आहे का? मूळ नंबराचं इंजिन असलेल्या गाडीला हौशी लोकांत किंमतही जास्त येते. अँबॅसॅडरचं इंजिन घातल्यावर ही सवलत राहील का, हे आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर हाती आल्यावरच स्पॅनर उचलू द्या.

आता मुलीच्या पैशांबद्दल. ताई, या बाबतीत मी सौम्य लिहिणार नाही. जूनमध्ये प्रवेशाची फी, वसतिगृहाचं डिपॉझिट, पुस्तकं ही तारखेवर भरायची असतात, ती गाडीसारखी शेडमध्ये उभी करून ठेवता येत नाहीत. त्या ठेवीला हात नाही. सोनं गहाण ठेवूनही नाही. यजमानांना हौस आहे ना, असू द्या, माणसाला काहीतरी हौस असावी. काकांच्या गाडीत लहानपणी ते बसले असतील, त्यांच्या लेखी ते नुसतं लोखंड नाही. म्हणून सरळ नकार देण्यापेक्षा गाडीची वेगळी वही आणि वेगळं खातं उघडा. त्यांच्या बोनसमधून, ओव्हरटाइममधून, जुन्या स्कूटरच्या विक्रीतून जे येईल ते त्यात. त्या खात्यात असेल तेवढंच काम.

यासाठी कामाचे टप्पे असे पाडा की, प्रत्येक टप्प्याला थांबता येईल. पहिला टप्पा नाव बदलण्याचा आणि इंजिनच्या तपासणीचा. दुसऱ्यात ब्रेक, टायर आणि टाकी, म्हणजे गाडी निदान ढकलून हलवता येईल, विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकाला दाखवता येईल. इंजिन तिसऱ्यात. रंग आणि सीटची कव्हरं अगदी शेवटी, कितीही मोह झाला तरी. पुष्कळ घरांत उलटं होतं, आधी लाल रंग मारतात आणि मग इंजिनला पैसे उरत नाहीत.

मिस्त्रींशी बोलणं होईल तेव्हा तुम्ही तिथे बसा. चहा देऊन आत जाऊ नका. मिक्सरची मोटर रिवाइंड करायला देताना आपण आधी दर विचारतो, जुनी तार परत मागतो, तसंच इथे. अंदाज लेखी हवा, मजुरी वेगळी आणि सामान वेगळं, जीएसटी धरून की सोडून हे स्पष्ट. परदेशातून पार्ट मागवायचे तर कुरिअर आणि कस्टम ड्युटीसकट घरपोच किंमत विचारा. निम्म्याहून अधिक ॲडव्हान्स देऊ नका. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत, चिठ्ठी लावून परत. आणि वहीत एक रकाना यजमानांच्या कोल्हापूरच्या फेऱ्यांसाठी ठेवा, बसभाडं, जेवण, गेलेला रविवार सगळं त्यात लिहायचं. रविवारांची बेरीज मोठी होते, मी दिरांच्या गिऱ्हाइकांच्या बायकांकडून ऐकत असते.

पावसाळ्याच्या आधी एवढं करा. शेडमधलं ते इंजिन अजून गाडीतच आहे, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल घालून प्लग परत बसवून घ्या, कार्ब्युरेटरच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या टोकाला कापडाचा बोळा घट्ट लावा आणि गाडीखाली विटा ठेवून टायर जमिनीवरून उचला. प्लास्टिक ताडपत्रीने गच्च झाकू नका, आत दमटपणा साठतो. जुनी सुती चादर घाला, आणि उंदरांसाठी पिंजरा लावायला विसरू नका.