विद्यापीठाचा गेमिंग हॉल बघितलात, आता मनगटाकडे कोण बघणार तेही विचारा

"डॉक्टर, गेम खेळायला विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं म्हणे. यात काही फसवणूक तर नाही ना?" शुगरच्या तपासणीला आलेल्या एका वडिलांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलगा बारावीत, अमेरिकेत शिकायला जायचे मनात. मोबाइलवर एका विद्यापीठाचे माहितीपत्रक होते: निळसर दिव्यांचा हॉल, रांगेने मांडलेले संगणक, विमानाच्या सीटसारख्या खुर्च्या आणि संघाच्या जर्सीतली मुले.

फसवणूक नाही. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस युनिव्हर्सिटी इलिनॉय या विद्यापीठाने २०१४ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमचा अधिकृत संघ उभा केला. निवडलेल्या खेळाडूंना शिक्षण शुल्काच्या आणि राहण्या-जेवण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत शिष्यवृत्ती देऊ केली. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेने कॅम्पसवर सत्तरहून अधिक गेमिंग संगणकांचे स्वतंत्र केंद्र उघडले. त्याच वर्षी अशा महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय संघटना, 'नेस', स्थापन झाली. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी हीच वाट धरली. विद्यार्थी मिळवण्याचा हा एक मार्ग आहे, हे त्यामागचे साधे कारण.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि ई-स्पोर्ट्स यांत पालकांचा गोंधळ होतो, म्हणून एक खुलासा. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैशांच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणजे मुलगा जे म्हणतोय ते जुगार नाही. पण 'खेळ' म्हटले की खेळाडूच्या शरीराची जबाबदारी कोणावर तरी येते. माझा प्रश्न तिथून सुरू होतो.

खेळाडू आहे, पण तपासणी?

अमेरिकेत विद्यापीठांचे बहुतेक मोठे खेळ 'एनसीएए' या संस्थेच्या नियमांखाली चालतात. फुटबॉलच्या किंवा पोहण्याच्या संघात उतरण्याआधी या नियमांनुसार वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. सरावाच्या तासांवर मर्यादा असते. दुखापत झाली तर पहिल्यांदा बघायला 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' असतो. एनसीएएने ई-स्पोर्ट्स आपल्याकडे घ्यावे का, याचा विचार २०१९ मध्ये केला आणि विषय बाजूला ठेवला. त्यामुळे जर्सी, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती असली तरी त्या खेळाडूंना मिळणारी वैद्यकीय देखरेख प्रत्येक विद्यापीठाच्या मर्जीवर राहिली. काही ठिकाणी ती उत्तम आहे, तर काही ठिकाणी सगळे बजेट ग्राफिक कार्डांवरच गेलेले असते.

याचा परिणाम काय होतो? न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या महाविद्यालयीन संघांतील ६५ खेळाडूंना प्रश्न विचारले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडू दिवसाला ३ ते १० तास सराव करत होते. ५६ टक्क्यांचे डोळे थकत होते, ४२ टक्क्यांना मान-पाठीचे दुखणे होते, ३६ टक्क्यांचे मनगट आणि ३२ टक्क्यांचा हात दुखत होता. ४० टक्के कुठलाही व्यायाम करत नव्हते. आणि डॉक्टरकडे किती गेले? अवघे २ टक्के.

६५ ही संख्या लहान आहे, आणि उत्तरे खेळाडूंनी स्वतः दिलेली आहेत. तरीही तो शेवटचा आकडा मला पटतो, कारण असे रुग्ण मला इथेही भेटतात. दुखते म्हणून सांगितले तर घरचे म्हणणार, "बघ, सांगत होतो ना, मोबाइल सोड." तिकडे सांगितले तर संघातली जागा जाईल आणि जागेबरोबर कदाचित फी-सवलतही. मग मूल गप्प बसते आणि बाम चोळून खेळत राहते.

शरीरात नेमके काय होते

इथली बहुतेक मुले मोबाइलवर खेळून मोठी झालेली असतात. त्यांचा भार अंगठ्यावर. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूने जाणारे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, घर्षणाने सुजतात. डबा उघडताना, कपडे पिळताना तिथे कळ येते. तिकडे गेल्यावर तोच मुलगा माऊस आणि कीबोर्डवर येतो. आता मनगट तासन्तास वर उचललेले राहते आणि बोटे मिनिटाला शेकडो वेळा हलतात. अशाने मनगटाच्या वरच्या बाजूचे टेंडन दुखावतात. मनगटातली नस दाबली गेली तर अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. याला कार्पल टनेल म्हणतात. सुरुवातीला आले तर विश्रांती, रात्री मनगटपट्टी आणि व्यायाम यांवर बहुतेकांचे भागते. वर्षभर लपवले तर अंगठ्याखालचा स्नायू झिजू शकतो, आणि तो भरून येईलच असे सांगता येत नाही.

डोळ्यांचे कारण सोपे आहे. स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघावे. निळा प्रकाश गाळणाऱ्या महागड्या चष्म्यांनी हा थकवा जातो, असे सिद्ध झालेले नाही. तो खर्च नका करू.

मला जास्त काळजी वाटते ती झोप आणि कॅनमधल्या पेयांची. सराव बहुधा वर्ग संपल्यावर, संध्याकाळी उशिरापर्यंत. मग अभ्यास रात्री, आणि जागे राहायला एनर्जी ड्रिंक. अर्ध्या लिटरच्या मोठ्या कॅनमध्ये साधारण १६० मिलिग्रॅम कॅफिन असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालते असे मानतात, म्हणजे तिसऱ्या कॅनला ती मर्यादा ओलांडलीच. साखर वेगळी. चीनचा प्रसिद्ध खेळाडू जियान झीहाव, गेमिंगमधले नाव उझी, याने २०२० मध्ये वयाच्या २३व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. कारणे सांगितली ती टाइप-२ मधुमेह आणि हाताचे दुखणे. पुढे तो परत खेळला. पण ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तेविसाव्या वर्षीचा हा मधुमेह लक्षात ठेवावा. त्या वडिलांना मी हेच सांगितले.

तुम्ही काय विचाराल

प्रवेशाआधीच्या ऑनलाइन भेटीत हॉलच्या संगणकांबद्दल मुलगा विचारेलच. तुम्ही विचारा: रोजच्या सरावाला कमाल तासांची मर्यादा आहे का? संघासाठी फिजिओथेरपिस्ट किंवा अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे का, की विद्यापीठाच्या सर्वसाधारण दवाखान्यात रांगेत बसायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे, डॉक्टरांनी सहा आठवडे खेळू नको म्हटले तर शिष्यवृत्तीचे काय होते? हे उत्तर लेखी मागा. विद्यार्थी विम्याचे कागदही नीट वाचा. काही पॉलिसींत आंतरविद्यापीठ खेळांतल्या दुखापतींसाठी वेगळी अट असते.

हॉलमधल्या खुर्च्या बहुधा चांगल्याच असतात. उरलेला सराव खोलीवर, पलंगावर लॅपटॉप ठेवून होतो, तिथे मान जाते. साधे टेबल, पाय टेकतील अशी खुर्ची आणि कोपर काटकोनात, एवढे असले तरी पुरे.

'गेमिंगचे व्यसन' हा शब्द मात्र जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यासाठी नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे साधारण बारा महिने चालू असावे लागते. वेळेवर झोपणारा, पास होणारा, मित्रांत मिसळणारा संघातला मुलगा व्यसनी नसतो.

मूल परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर "किती खेळतोस?" असे विचारू नका, उत्तर ठरलेले असते. "रात्री हात बधिर होतो का?" असे विचारा. बधिरपणा दोन आठवड्यांहून जास्त राहिला, हातातून वस्तू पडू लागल्या, किंवा अंगठ्याची पकड सैल वाटली तर त्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. बराच वेळ बसल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखले, तर त्याच क्षणी इमर्जन्सीत. पायात रक्ताची गुठळी झाल्याची ती लक्षणे असू शकतात.