कळून वळत नाही, की कळतच नाही?

पंचवटीतल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र समोर आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या सात-आठ महिन्यांत अगदी बदललाय म्हणतात. त्यांनी लिहिलेला एक प्रसंग मुद्दाम देते. घरी पाहुणे आलेले. आई म्हणाली, "अरे, दूध संपलंय वाटतं." मुलगा म्हणाला, "हो, संपलंय," आणि बसून राहिला. वडील भडकले. पाहुण्यांसमोरच म्हणाले, "एवढा घोडा झाला, आईचं बोलणं कळत नाही!" मुलगा खोलीत गेला, तो रात्री जेवायलाही बाहेर आला नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? या वयाची मुलं अशीच. खरंय, माझ्याही घरी असली एक स्वारी होऊन गेली. पण या पत्रात 'पूर्वी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पूर्वी आईनं नुसतं पिशवीकडे पाहिलं तरी तो पायांत चपला सरकवायचा. आता तीन वस्तू सांगितल्या तर एक आणतो. सिनेमा बघताना "आता हे काय झालं?" असं दहादा विचारतो. बहीण स्वतःशी हसली तरी "मला हसतेस का?" म्हणतो. मित्र सुटले. रात्रभर जागा, दिवसा झोप.

स्किझोफ्रेनियासारखा आजार म्हटला की आपल्याला वाटतं, माणूस एके दिवशी अचानक हवेत बोलायला लागतो. पुष्कळदा तसं होत नाही. भास आणि संशय येण्याआधी कित्येक महिने, कधी वर्षंही, मनात बारीकसारीक बदल चाललेले असतात. १९९४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डॉ. पॅट्रिक मॅक्गोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी खास दवाखाना काढला. त्यानंतर जगभर अभ्यास झाले. त्यांत दिसलं ते असं, की अशा मुलांपैकी अनेकांचं लक्ष टिकत नाही, ऐकलेलं ध्यानात राहत नाही, विचाराचा वेग मंदावतो. शिवाय समोरच्याच्या मनातलं ओळखणंही अवघड जातं. चेहऱ्यावरचा भाव, आवाजातली थट्टा, आडून सांगितलेलं काम निसटून जातं. साधा चेहरासुद्धा कधी रागावलेला वाटतो. मानसशास्त्रज्ञांची एक चाचणीच अशी असते: छोटा प्रसंग सांगायचा, त्यातला माणूस काहीतरी आडून सुचवतो, आणि विचारायचं, "याला काय म्हणायचं होतं?" आपल्या दुधाच्या प्रसंगासारखंच. म्हणजे जे आपल्याला उर्मटपणा वाटतं, ते कधी कधी खरोखरच न कळणं असतं.

पण घाबरून जाऊ नका. ज्यांना डॉक्टर नीट तपासून 'धोका आहे' म्हणतात, त्यांच्यातही दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष आजार होतो तो साधारण चार-पाचांतल्या एकाला. बाकीच्यांतले काही सुधारतात, काहींची उदासी किंवा चिंता मागे उरते. आणि विसराळूपणा, एकलकोंडेपणा हा परीक्षेच्या धास्तीनं, जागरणानं, गांजासारख्या व्यसनानंही येतो. तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडा. आपण फक्त काय बदललं, कधीपासून, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवायचं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "माझंच काही चुकलं का?" नाही हो! एके काळी परदेशातले नामवंत डॉक्टरही आईच्या वागण्यावर या आजाराचं खापर फोडत असत. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली. मात्र आजार झालेल्या माणसाला सतत टोचून बोललं, तर दुखणं पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. म्हणून आतापासूनच बोलणं सोपं ठेवा. "दूध संपलंय वाटतं" नको. "अर्धा लिटर दूध आण, हे पैसे," एवढंच. वस्तू जास्त असतील तर चिठ्ठी द्या. पाहुण्यांसमोर पाणउतारा नको. आपण का हसलो, तेही सांगून टाकावं.

मामा म्हणतात, नोकरीला लावा, मग लग्न करून द्या, सुतासारखा सरळ होईल. दुसऱ्याची लेक काय औषध म्हणून आणायची? सासूबाई म्हणतात, त्र्यंबकला नारायण नागबळी करा. मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा. पण त्याच त्र्यंबक रोडवर जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, तिथे आधी उतरा. जायचा धीर होत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फोन लावा. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सोय फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

लाज वाटते, हे मला कळतं. आपल्या धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा ते लपवत बसले नाहीत. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. अतुल कुलकर्णींचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट निघाला, त्यामागेही त्यांची धडपड होती. तो मिळाला तर बघा. भावासाठी बहिणीची होणारी ओढाताण पाहताना मी तरी रडले.

हा मजकूर छापायला देता देता पंचवटीहून दुसरं पत्र आलं. मायलेक डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर मुलाशी एकट्याशी अर्धा तास बोलले. इतक्यात गोळ्या नकोत म्हणाले. झोपेची वेळ बांधून दिली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. परत येताना रिक्षात आईनं विचारलं, "काय सांगितलंस रे त्यांना?" तो म्हणाला, "एवढंच, की घरात सगळे फार भराभर बोलतात."