हंस खरेच उडाले, पण कसे ते सांगा

‘विंग्ड मायग्रेशन’ या फ्रेंच माहितीपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर एक खुलासा येतो. पक्ष्यांचं चित्रीकरण करताना कुठलेही स्पेशल इफेक्ट्स वापरलेले नाहीत, असा. खुलासा शंभर टक्के खरा आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्याच्याबद्दल आहे.

झाक पेराँचा हा चित्रपट २००१ सालचा. साडेचारशेच्या वर माणसं तीन वर्षांहून जास्त काळ सातही खंडांत कॅमेरे घेऊन फिरली आणि त्यातून दीड तासाचा चित्रपट निघाला. ऑस्करचं नामांकनही मिळालं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहावा, मग माझ्याशी भांडावं. हंसांचा थवा उडतोय आणि आपण त्याच्या आतच आहोत. शेजारच्या हंसाची मान पुढे ताणलेली, छातीचे स्नायू प्रत्येक फटक्यासरशी आकसतायत, पंख खाली येताना टोकाची पिसं वर वाकतायत आणि पंख वर जाताना सुटी होतायत. मध्येच तो मान किंचित वळवून कॅमेऱ्याकडे पाहतो. त्या नजरेत भीती नसते, कुतूहलही नसतं. आपल्याच माणसाकडे पाहावं तसं पाहतो.

कारण ते त्याचं माणूसच असतं. या चित्रपटातले बरेचसे पक्षी अंड्यापासून माणसांनी वाढवलेले आहेत. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत हंसाच्या पिलाला जे हलताना दिसतं, त्याला ते आई मानतं आणि त्याच्या मागे चालू लागतं. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे मांडलं आणि १९७३चं नोबेल ज्या तिघांना विभागून मिळालं त्यांतला तो एक. पेराँच्या लोकांनी नॉर्मंडीत हाच मार्ग धरला. अंडी उबवणीयंत्रात असतानाच त्यांना माणसांचे आणि इंजिनाचे आवाज ऐकवले. पुढे पिलं माणसामागे चालली, मग छोट्या अल्ट्रालाइट विमानामागे धावली आणि एक दिवस त्याच्या शेजारून उडाली. मग या पक्ष्यांना ठिकठिकाणी नेऊन उडवलं गेलं. पॅरिसमध्ये सीन नदीवरून जाणारे हंस पाहून आपण थक्क होतो, तेव्हा आईच्या शेजारून उडणारी पोरं पाहत असतो.

हे सगळं मला फसवणूक वाटत नाही. हंस खरे, हवा खरी, उडण्याचे कष्ट खरे. पण हे चित्रपटात कुठेच सांगितलेलं नाही. ते कळतं नंतरच्या मुलाखतींतून, पडद्यामागच्या फिल्ममधून. खुलासा काय नाही ते सांगतो आणि काय आहे ते गिळून टाकतो.

माझं आयुष्य मुंबईतल्या साउंड स्टुडिओत गेलं, त्यामुळे मी या बाबतीत सोवळा नाही. माहितीपटातल्या प्राण्यांचे अर्धेअधिक आवाज स्टुडिओत तयार होतात, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. टेलिलेन्स अर्ध्या किलोमीटरवरचं हरीण जवळ आणते, माइक आणू शकत नाही. मग बर्फावरची पावलं कॉर्नफ्लोअरच्या पिशवीवर मुठी दाबून काढायची. पंखांसाठी चामड्याचे हातमोजे. दोन्ही एका हातात बोटांकडून धरायचे आणि माइकपासून वीतभर अंतरावर झटकायचे. नवे मोजे चालत नाहीत, टकटक वाजतात. वापरून मऊ झालेले हवेत. बगळ्याला सावकाश, कबुतराला भराभर, आणि उतरताना शेवटचे दोन फटके मोठे. ‘विंग्ड मायग्रेशन’मध्ये हंस कानाशी पंख मारतो, तेव्हा माझा हात अजून आपोआप हलतो. शेजारी विमानाचं इंजिन घरघरत असताना इतका स्वच्छ आवाज त्या क्षणाचा असूच शकत नाही. कुणी केलाय माहीत नाही, पण बेहद्द सुंदर केलाय.

माझा राग आहे तो खेकड्यांवर. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पंख मोडलेला एक सुरय पक्षी धडपडतोय, खेकडे चहूबाजूंनी सरकत येतात आणि थोड्याच वेळात तिथे खेकड्यांचा ढीग दिसतो. प्रेक्षागृहात लोक डोळे मिटून घेतात. निर्मात्यांनी नंतर सांगितलं की पक्ष्याला वेळीच उचललं होतं, खेकडे खात होते तो मासा. पक्षी वाचला याचा आनंद आहे. पण निसर्ग निष्ठुर असतो हे मला ज्या दृश्यातून शिकवलं, ते टेबलावर जुळवलेलं होतं. ॲमेझॉनमधल्या बोटीवरचा मकाव तर चोचीने पिंजऱ्याची कडी काढून पळतो आणि कॅमेरा आधीपासून नेमका तिथे हजर! शिवाय मकाव स्थलांतर करणारा पक्षीच नव्हे. तो या चित्रपटात कशासाठी आला, ते पेराँच जाणे.

या धंद्यात याहून वाईट घडलेलं आहे. डिस्नेच्या १९५८च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी स्थलांतर करता करता कड्यावरून समुद्रात उड्या घेतात. ते चित्रण कॅनडाच्या समुद्र नसलेल्या अल्बर्टा प्रांतातलं होतं. प्राणी विकत आणले होते आणि नदीत ढकलले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. कॅनडाच्या सरकारी वाहिनीने १९८२मध्ये हे उघडकीला आणलं, तोवर लेमिंग आत्महत्या करतात हे जगाला पाठ झालं होतं. आजही सुशिक्षित माणसं ते ठणकावून सांगतात. २०११मध्ये बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेतली ध्रुवीय अस्वलाची पिलं नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातली निघाली, तेव्हा बीबीसीचं म्हणणं होतं की आम्ही वेबसाइटवर लिहिलं होतं. मालिका पाहणाऱ्याने वेबसाइट कधी पाहायची?

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. उत्तरी आयबिस म्हणजे आपल्या काळ्या शराटीचा टक्कल पडलेला भाऊबंद. मध्य युरोपातून तो पार नाहीसा झाला होता. त्याला परत आणण्यासाठी ऑस्ट्रियात माणसांनी पिलं वाढवली आणि अल्ट्रालाइटमागून इटलीकडे न्यायला सुरुवात केली. म्हणजे पेराँचीच युक्ती. अशाच एका प्रवासात चौदा आयबिसांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली, आणि २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. पुढच्या पक्ष्याच्या पंखांमुळे वर उचलली जाणारी हवा मिळेल अशाच जागी मागचा पक्षी राहतो, आणि आपल्या पंखांचा तालही त्याप्रमाणे जुळवतो, हे त्यात दाखवलं होतं. पक्षी माणसांनी वाढवले होते हे निबंधातच लिहिलेलं होतं. त्यामुळे त्याचं वजन कमी झालं नाही. उलट ती मोजणी शक्य झाली ती माणसाळलेल्या पक्ष्यांमुळेच.

हे मी आज का उकरून काढतोय? मध्यंतरी शेजारच्या नववीतल्या मुलाला मी तो सीनवरचा प्रसंग दाखवला. पाच सेकंद पाहून म्हणाला, “आजोबा, हे एआय आहे.” तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याच्या फोनवर रोज येतातच तशी दृश्यं. फ्लेमिंगोंचा थवा, सोनेरी सूर्य, प्रत्येक पक्ष्याचा पंख एकाच क्षणी वर. सोसायटीच्या ग्रुपवर ती आली की खाली दहा जण हात जोडतात. त्याला उत्तर द्यायला चित्रपटात काही नव्हतं. ‘स्पेशल इफेक्ट्स नाहीत’ ही पाटी दाखवली, तर म्हणाला, असं कुणीही लिहील. मग मी त्याला अंडी, इंजिनाचा आवाज, चिखलात पिलांबरोबर फिरणारी माणसं असं सगळं सांगितलं. त्यानंतर त्याने तो प्रसंग मागे नेऊन नेऊन पाहिला. हंस विमानाकडे का बघतो, ते त्यानेच मला दाखवलं.

जादू कशी केली ते सांगितलं की जादू संपते, असं आमचे दिग्दर्शक लोक म्हणतात. मला हे पटत नाही. जादूगाराच्या टोपीतल्या सशाबद्दल कुणी प्रबंध लिहीत नाही. माहितीपट पाहून मुलं जीवशास्त्राला जातात, माणसं मत बनवतात, सरकारं पैसे देतात. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण हे छापावं लागतं, तेवढी ओळ निसर्गपटावर का नको? हे पक्षी पाळलेले, हा प्रसंग जुळवलेला, हे आवाज नंतर घातलेले. आणि हे वेबसाइटवर नको, मुलाखतीत नको, त्याच पडद्यावर हवं.

पक्ष्याचंही एक देणं यात आहे. अमेरिकेत ‘ऑपरेशन मायग्रेशन’ने २००१पासून व्हूपिंग क्रेन या दुर्मीळ करकोच्यांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला विमानामागून नेलं. पिलांनी माणसाला आई समजू नये म्हणून सांभाळणारे पांढरे झगे घालून वावरत, पिलांसमोर बोलत नसत. एवढं करूनही मोठेपणी त्या पक्ष्यांना पिलं नीट वाढवता येईनात. माणसाच्या हातचं बालपण हे त्यामागचं एक कारण असावं, असं तिथल्या वन्यजीव खात्याचं मत झालं आणि २०१६मध्ये विमानामागचं उड्डाण थांबवण्यात आलं. पेराँच्या हंसांना तर माणूसच आई म्हणून मुद्दाम दिला होता. शूटिंग संपल्यावर त्यांचं काय, हा प्रश्न प्रेक्षकाला पडायलाच हवा होता. तो पडला नाही, कारण ते पक्षी रानातले आहेत असंच सगळे समजत होते.

शेवटच्या श्रेयनामावलीत आम्ही वैमानिकाचं नाव देतो, गाडीवाल्याचं देतो, जेवण पुरवणाऱ्याचंही देतो. हंसाला अंड्यातून बाहेर येताना पाहिलेल्या आणि महिनोन्महिने त्याची आई झालेल्या माणसाचं नाव मात्र सुरुवातीला हवं, त्या खुलाशाच्या जागी.