चार माणसं आणि एक गोटा

इंडस्ट्रियल टूर म्हटली की कंपनी, कँटीन आणि शेवटच्या दिवशी शॉपिंग, हे आपलं ठरलेलं. यंदा दिल्लीत अर्धा दिवस मोकळा मिळाला. सर म्हणाले, "मॉल राहू द्या, म्युझियम बघू." अर्ध्या बसची तोंडं उतरली. त्यात माझंही होतं.

इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते 1954 साली सुरू झालं. आत वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र होतं. ओळखीचा एकही आकार नाही, नुसता रंगांचा थर. "हे तर माझा भाचाही काढेल," असं मी बोलून गेलो. मग पाटी वाचली. गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, 1924 चा. म्हणजे आपल्याच विदर्भातला माणूस, आणि मला नावसुद्धा माहीत नव्हतं. आयुष्यभर कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, पाटीवरचं इंग्रजी फाडफाड वाचता आलं, पण चित्र काही वाचता आलं नाही.

बाहेरच्या हिरवळीवर शिल्पं आहेत. तिथे देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर' आहे. मूळ शिल्प 1959 पासून चेन्नईच्या मरीना बीचवर उभं आहे, दिल्लीत त्याची प्रतिकृती आहे. चार मजूर जीव खाऊन एक प्रचंड दगड हलवताहेत, बस एवढंच. माझा रूममेट तिथे थांबला तो हलेचना. त्याने पाटी वाचलीच नव्हती. म्हणाला, "अबे, असाच त गोटा काहाडला होता आमी हिरीतून. त्याहिचे पाय पाय, कसे रोवले हायेत."

मी पाय पाहिले. फ्री बॉडी डायग्राम शंभरदा काढली असेल, पण बल माणसाच्या पाठीतून जमिनीत कसं उतरतं हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

आपल्या चौकाचौकांत पुतळे आहेत, पण ते थोरांचे. जयंतीला हार घालायचा, एरवी वळसा घालून जायचं. विहीर खणणाऱ्याचा, कापूस वेचणारीचा पुतळा कुठे आहे?

कोणी म्हणेल, जिल्ह्यात शेतकऱ्याचे हे हाल, आणि तुम्हाला पुतळे सुचतात? प्रश्न रास्त आहे. शिल्पाने कर्ज फिटत नाही, मान्य. पण ज्याच्या कष्टाकडे कोणी कधी नीट पाहिलंच नाही, त्याच्या अडचणीकडे तरी कोण पाहणार?

म्हणून दोन मागण्या. एक, टूरमध्ये असा अर्धा दिवस कायमचा ठेवा. दोन, वर्कशॉपचं भंगार दरवर्षी किलोने विकलं जातं, त्यातलं थोडं आम्हाला द्या. चंदीगडला नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून अख्खं रॉक गार्डन उभं केलं. आपल्याकडे तर वेल्डिंग मशीन आहे, आणि हॉस्टेलमागची जागा रिकामीच पडली आहे.

पहिलं शिल्प कशाचं, ते माझा रूममेट ठरवेल.