भूखंडांच्या आरक्षणावर पहारा कोण देणार?

आरक्षण म्हटले की आपल्या समाजाचे कान टवकारतात. नोकरीतील अनुशेष, पदोन्नती, शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ, कोणताही प्रश्न असो, कार्यकर्ता रस्त्यावर उतरतो आणि ते योग्यच आहे. परंतु याच नावाचे आणखी एक आरक्षण शासनाच्या दप्तरात असते. ते जमिनीचे असते. हा भूखंड शाळेसाठी, हा दवाखान्यासाठी, हा क्रीडांगणासाठी, हा बेघरांच्या घरांसाठी, असे शहराच्या विकास आराखड्यात लिहून ठेवलेले असते. हे आरक्षण उठले तर मोर्चा निघत नाही, निवेदन दिले जात नाही, बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पाच-दहा वर्षांनी त्या जागेवर टॉवर उभा राहतो, आपल्या पोरांची शाळा मात्र होती तिथेच, लांब राहते. मग लोक विचारतात, आमच्या वस्तीलाच जागा कशी मिळत नाही? जागा मिळत नाही असे नाही. जागा ठरते तेव्हा आपण तेथे नसतो.

ही जागा कशी ठरते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार महापालिका आणि नगरपालिकांना विकास आराखडा करावा लागतो. तो साधारण वीस वर्षांसाठी असतो. म्हणजे आज जन्मलेले मूल मतदार होऊन नोकरी शोधू लागेपर्यंत त्याच्या वाट्याला कोणती शाळा, कोणते मैदान, किती रुंदीचा रस्ता येणार हे आज रंगवलेल्या नकाशात ठरून जाते. आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. नंतर लोकसंख्या किती वाढेल, तिला किती शाळा, किती दवाखाने लागतील याचा हिशेब मांडतात आणि त्यावरून आरक्षणे टाकतात. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यासाठी मुदत असते तीस दिवसांची, बृहन्मुंबईसाठी साठ दिवसांची. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. शेवटी शासन मंजुरी देते आणि सारे राजपत्रात येते.

यातील पहिलीच पायरी आपल्या लोकांचा घात करते. सध्याच्या जमीन वापराच्या नकाशात वस्ती दिसली नाही, किंवा नुसती 'झोपडपट्टी' असा शेरा मारून रिकामी सोडली, तर तिथल्या माणसांचा हिशेब होत नाही. हिशेब नाही म्हणून शाळेची गरज नाही, गरज नाही म्हणून आरक्षण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. एवढी माणसे ज्या नकाशात नीट मावत नाहीत तो नकाशा शहराचा कसा म्हणायचा? जातीने गावाबाहेर ठेवले आणि नियोजनाने नकाशाबाहेर ठेवले, एवढाच काय तो फरक.

आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे जागा मिळाली असेही नाही. याच कायद्याचे १२७ वे कलम वाचावे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, दुरुस्त्या होत होत ती चोवीस महिन्यांवर आली आहे. नुसते कागद इकडून तिकडे सरकवणे म्हणजे पावले उचलणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. खाजगी मालकाची जमीन कायमची अडकवून ठेवू नये हे न्यायाला धरूनच आहे. पण नोटीस आल्यावर पालिका झोपी जाते कशी? 'निधी नाही' हे उत्तर ठरलेले असते. ज्या पालिकेला चौकाच्या सुशोभीकरणाला आणि कमानीला पैसे सापडतात, तिला शाळेच्या भूखंडासाठी ते सापडत नाहीत! मुदत टळते, आरक्षण जाते आणि फायदा कोणाचा होतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नियमातील थोडक्या फेरफाराने केवढी जमीन हातची जाते, याचा धडा गिरणगावाने घेतला आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, गिरणीची बांधकामे पाडून रिकामी होणारी जमीन त्यात धरायची नाही, असे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांची बाजू घेतली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला. ज्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते आणि १९२८ च्या संपात ज्याचा जाब बाबासाहेबांनी विचारला, त्याच गिरण्यांच्या जमिनीवर कामगाराच्या घराचा आणि त्याच्या नातवंडांच्या मैदानाचा वाटा असा आक्रसला. बदल झाला तेव्हा तो कितीजणांच्या लक्षात आला? टॉवर उभे राहू लागले तेव्हा ओरड झाली.

आता एक नवीच लढाई लावून दिली जात आहे, झोपडी विरुद्ध मैदान. उद्यान-मैदानासाठी आरक्षित भूखंडावर झोपडपट्टी असेल तर तेथे पुनर्वसन योजना राबवावी आणि किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी, ही २०३४ च्या मुंबई आराखड्याच्या नियमावलीतील तरतूद उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वैध ठरवली. झोपडपट्टीवासीयाला त्याच जागी घर मिळणे हा त्याचा हक्क आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण मैदान गिळल्याचा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. शहर बांधायला, झाडायला, गटारे उपसायला माणसे हवीत, मग त्यांच्या घरांसाठी गरजेइतके भूखंड आराखड्यांनी राखून का ठेवले नाहीत? घराला जागा ठेवली असती तर मैदानावर कोणी राहायला गेले नसते. आणि उरलेल्या मैदानावर पहिला हक्क कोणाच्या पोरांचा? ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्यांचा. म्हणून घरही हवे आणि मैदानही हवे. दोन्हींतून एक निवडा, असे गरिबालाच का सांगायचे?

खेड्यात चित्र वेगळे नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात अनुसूचित जातींसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहती, त्यासाठी वसाहत आयोग आणि केंद्राकडून दरवर्षी पाच कोटी रुपये अशी मागणी केली होती. माणूस कुठे राहतो याच्यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. आजही वस्ती ओढ्याकाठी, चिखलात, गावाच्या उतारावर. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने जातीवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण पाटी बदलली म्हणून स्मशानभूमीला जागा मिळाली काय? रस्ता रुंद झाला काय? गायरानावर पोट भरणाऱ्यांची गत तर जगजाहीर आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तरीही २०२२ मध्ये राज्यात गायरानावर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे असल्याचे शासनाने उच्च न्यायालयात सांगितले आणि नोटिसा निघू लागल्या. ज्याला तीन पिढ्या जमीनच दिली नाही त्यालाच अतिक्रमणदार म्हणायचे, हा कुठला न्याय?

जिल्ह्याच्या पातळीवर यावर उपाय राज्यघटनेतच आहे. कलम २४३ झेडडीनुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते. निदान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत आणि समितीने पंचायती व नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जमिनीचे नियोजन, पाण्याचे वाटप, पायाभूत सोयी यांचा विचार असलेला जिल्ह्याचा आराखडा तयार करावा, असे घटना सांगते. महाराष्ट्राने १९९८ मध्ये तसा कायदाही केला. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक होते, निधीची वाटणी होते, कोणाच्या मतदारसंघात किती कामे यावर वादावादी होते आणि चहापान होऊन सभा संपते. पुढच्या वीस वर्षांत जिल्ह्यातील कोणत्या वस्तीला शाळा, आरोग्य उपकेंद्र, स्मशानभूमी लागेल आणि त्यासाठी कोणत्या गटातील जमीन राखायची, हा विषय क्वचितच निघतो. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा याच समितीतून जातो. त्यातून वस्तीत सिमेंटचा रस्ता होतो, समाजमंदिर होते. परंतु पैसा उपयोजनेचा असला तरी जागा आराखड्यातून यावी लागते. जागाच राखलेली नसेल तर समाजमंदिर नाल्याच्या काठावर बांधले जाते आणि पहिल्याच पुरात त्यात पाणी शिरते.

म्हणून शासनाकडे आमची स्पष्ट मागणी आहे. प्रत्येक दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांची वस्ती आणि प्रत्येक झोपडपट्टी तिच्या लोकसंख्येसह सध्याच्या जमीन वापराच्या नकाशात दाखवावी. प्रारूप आराखडा मराठीत, साध्या भाषेत, वॉर्डात आणि ग्रामपंचायतीत लावावा. कोपऱ्यातल्या जाहिरातीवर आणि तीस दिवसांच्या मुदतीवर लोकांची बोळवण करू नये. कोणत्या आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात याची यादी दरवर्षी जाहीर करावी. शाळा, दवाखाना आणि गरिबांच्या घरांचे आरक्षण पालिकेच्या बेफिकिरीने संपले, तर संबंधित अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी.

शासन हे आपणहून करील या भ्रमात कोणी राहू नये. हरकतींची ताकद मुंबईने पाहिली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला होता. लोक नकाशे घेऊन बसले, हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये शासनाला तो रद्द करून पुन्हा करायला लावावा लागला. त्यात झोपडपट्टीतील, फेरीवाल्यांच्या आणि महिलांच्या संघटनाही होत्या. म्हणजे नकाशा वाचायला परदेशी पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

आपल्या समाजात आज अभियंते आहेत, वकील आहेत, भूमी अभिलेख आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेले अनुभवी अधिकारी आहेत. जयंतीच्या मंडळाने वर्षातून एक रविवार या कामाला द्यावा. आपल्या वॉर्डाचा मंजूर नकाशा पालिकेतून काढावा, माहितीच्या अधिकारात आरक्षणांची स्थिती विचारावी, प्रत्येक आरक्षित भूखंड प्रत्यक्ष जाऊन पाहावा आणि विहाराच्या भिंतीवर त्याची यादी लावावी. खेड्यात ग्रामसभेत वस्तीच्या जागेचा ठराव मांडावा आणि तो जिल्हा नियोजन समितीपर्यंत पोचतो की नाही हे पाहावे. बुलडोझर आल्यावर आडवे पडणाऱ्यांच्या धैर्याला आमचा सलाम आहे. परंतु बुलडोझर निघण्याच्या कितीतरी आधी नकाशा निघालेला असतो. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे बाबासाहेब सांगून गेले. त्या शिकण्यात आता नकाशा वाचायला शिकणेही आले. नोकरीच्या आरक्षणावर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या समाजाने शाळेच्या भूखंडावरही तसाच पहारा दिला पाहिजे, कारण त्या नोकरीपर्यंत जाणारा रस्ता याच शाळेच्या दारातून जातो.