साईट सुधारली, दृष्टीचे काय?

रशियन सैन्याने 2018 साली एके-12 रायफल स्वीकारली. जुन्या कलाश्निकोव्हवर मागची साईट डोळ्यापासून दूर होती. नव्या रचनेत ती डोळ्याजवळ आणली, दुर्बिणीसाठी पट्टीही दिली. नेम धरणे सोपे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका दाबात दोन गोळ्या सोडण्याची सोय 2023 च्या सुधारित रायफलीतून काढावी लागली. कारखान्यात न कळलेले युक्रेनच्या रणांगणात कळले. आणि अशा धड्यांची फी सामान्य माणूस रक्ताने भरतो. सप्टेंबर 2022 मध्ये रशियाने 3 लाख राखीव लोकांची भरती जाहीर केली. रायफल त्यांच्या हाती, लक्ष्य मात्र क्रेमलिनने ठरवलेले! आमचा सवाल एवढाच आहे : बंदुकीची साईट सुधारते, ती कोणावर रोखायची हे ठरवणाऱ्यांची दृष्टी कधी सुधारणार?