जालन्याच्या लोकगीतांना दप्तर हवे

लोकसंगीत लोकांच्या ओठी असते, त्याला रेडिओची काय गरज, असे सहज म्हटले जाते. मराठवाड्याच्या नभोवाणीचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. निजामाच्या काळात औरंगाबादला रेडिओ केंद्र होते. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आले आणि १९५३ मध्ये बंद पडले. त्यानंतर परभणीचे केंद्र सुरू व्हायला १९६८ साल उजाडले. मधल्या पंधरा वर्षांत मराठवाड्याला स्वतःचे केंद्र नव्हते. नेमक्या याच काळात नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर लोकसंगीताला हक्काची वेळ मिळत होती. मुंबई, पुणे, नागपूरच्या कलावंतांना जवळ केंद्र होते. जालन्याच्या गोंधळ्याने किंवा सुगीत भलरी म्हणणाऱ्याने जायचे कुठे? त्या पिढीचा आवाज म्हातारपणाबरोबर गेला, ही हानी आता भरून निघणारी नाही.

केंद्र गाणे नुसते वाजवत नाही. तिथे स्वरचाचणी होते, श्रेणी ठरते, करार होऊन मानधन मिळते, आणि नाव, गाव, गीतप्रकार कागदावर चढतो. गोंधळाचे ध्वनिमुद्रण तर कसबाचेच काम. संबळावर वाकडी काठी पडली की तुणतुण्याची तार आणि झीलकऱ्यांचा सूर बुडून जातो. माइक कुठे ठेवायचा हे अनुभवी माणूसच जाणतो. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, यूट्यूबवर सगळे सापडते, हा आक्षेप रास्त वाटतो. पण तिथे गाणाऱ्याचे नाव पुष्कळदा नसते, मानधन तर दूरच, आणि चॅनेल बंद झाले की गाणेही गेले. नोंदीचे मोल पाहायचे तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या पाहाव्यात. बाईचे नाव आणि गाव टिपले गेले, म्हणून त्या आज अभ्यासता येतात.

खर्चाचा प्रश्न राहतो. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणानुसार नोंदणीकृत संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रेही छोटे केंद्र चालवू शकतात. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ उभे राहिले आहे. जालन्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. जिल्हा नियोजन समितीने तिथे एका ध्वनिमुद्रण कक्षाची तरतूद करावी, आणि आकाशवाणीने पुढे पुन्हा सुरू झालेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) केंद्राच्या व परभणीच्या संग्रहातील जालन्याच्या कलावंतांची यादी जाहीर करून सुरुवात करावी.